रॉबर्ट गिलचा स्टिरिओस्कोप ते आभासी वास्तव : अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास आणि विद्यापीठीय विद्याशाखा

प्रस्तावना

आभासी वास्तव हा विषय आपल्याकडील विद्यापीठांत सर्वसाधारणपणे संगणकशास्त्र व अभियांत्रिकी या शाखांच्या अभ्यासक्रमांत आढळतो. डोळ्यांवर चढवावयाचे यंत्र, हाताच्या हालचाली टिपणारी साधने, त्रिमितीय दृश्ये निर्माण करणारी संगणकप्रणाली हे सर्व तंत्रज्ञांचे कार्यक्षेत्र मानले जाते. इतिहास, पाली, कला, रसायनशास्त्र वा वनस्पतिशास्त्र या विभागांचा संबंध आलाच तर तो माहिती पुरविण्यापुरता येतो. ही विभागणी कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार प्रस्तुत निबंधात एका जवळच्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा इतिहास. ‘इंटरफेस’ हा शब्द येथे संगणकाच्या पडद्यापुरता मर्यादित न ठेवता, पाहणारा आणि पाहिली जाणारी वस्तू यांच्यामध्ये उभे असलेले साधन अशा व्यापक अर्थाने योजला आहे.

अजिंठा लेणी प्रशासकीयदृष्ट्या मराठवाड्यात येत असली तरी खानदेशाला ती परकी नाहीत. जळगावपासून लेण्यांचे अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. जळगाव-भुसावळ मार्गावरील नशिराबादसारख्या गावातून सकाळी निघालेला माणूस लेणी पाहून संध्याकाळी घरी परततो. ज्या माणसाने या चित्रांच्या प्रती काढण्यात उमेदीची वर्षे वेचली, त्या मेजर रॉबर्ट गिलचे दफन नशिराबादच्या पुढे, भुसावळला झाले. गिल आणि पारो यांची कहाणी ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे आणि २०१२ मध्ये आलेल्या नितीन देसाई यांच्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे मराठी माणसाला ठाऊक आहे. परंतु गिलच्या हाती कुंचल्याखेरीज आणखी एक साधन होते; त्याच्या प्रेमकथेपुढे त्या साधनाकडे दुर्लक्ष झाले, असे खेदाने म्हणावे लागते.

दोन भिंगांतून दिसलेले अजिंठा

१८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन याने भारतातील लेण्यांविषयीचा आपला निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे मांडला आणि अजिंठ्याची चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी असा आग्रह धरला. त्याचा परिणाम म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची या कामी नेमणूक केली. गिल अजिंठा गावी राहू लागला. वाघोरा नदीच्या घळीतील त्या काळचे रान, लेण्यांमधील वटवाघळे व मधमाश्यांची पोळी, आतला अंधार या सर्वांशी झगडत त्याने सुमारे दोन दशके कॅनव्हासवर तैलरंगात मूळ आकाराच्या जवळपास जाणाऱ्या प्रती तयार केल्या. त्या लंडनला रवाना झाल्या. त्यांतील वीसहून अधिक चित्रे सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली असता डिसेंबर १८६६ च्या आगीत ती भस्मसात झाली. आज अगदी मोजकी शिल्लक आहेत.

हा भाग सर्वश्रुत आहे. कमी सांगितला जातो तो भाग पुढीलप्रमाणे. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, एकाच वस्तूची किंचित भिन्न कोनांतून काढलेली दोन चित्रे दोन डोळ्यांना स्वतंत्रपणे दाखविली, तर मेंदू त्यांचा मेळ घालतो आणि पाहणाऱ्यास खोलीचा प्रत्यय येतो. या तत्त्वावरील उपकरणास त्याने स्टिरिओस्कोप हे नाव दिले. डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा उपयोग करून ते सुटसुटीत केले, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर ते युरोपातील घराघरांत पोहोचले. हे प्रदर्शन ज्या काचमहालात भरले तोच महाल पुढे सिडनहॅमला हलविण्यात आला आणि तेथेच गिलची चित्रे जळाली. स्टिरिओस्कोपला प्रसिद्धी देणारी वास्तू आणि अजिंठ्याच्या पहिल्या प्रती गिळणारी वास्तू एकच असावी, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल छायाचित्रणाकडे वळला. केवळ साध्या छायाचित्रांवर न थांबता त्याने स्टिरिओस्कोपसाठी जोडचित्रेही घेतली. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची दोन पुस्तके लंडनला प्रसिद्ध झाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसरे पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांविषयीच्या १०० स्टिरिओस्कोपिक चित्रांचे होते. आजच्या आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये डाव्या व उजव्या डोळ्यांपुढे दोन वेगळी दृश्ये ठेवली जातात, ती व्हीटस्टनच्याच तत्त्वानुसार. हेडसेटला डोके वळल्याचे भान असते आणि दृश्य त्याप्रमाणे बदलते, हा मोठाच फरक होय. तथापि डोळ्याला फसवून जागेचा प्रत्यय देण्याची जी मूळ युक्ती, ती अजिंठ्याच्या बाबतीत १८६४ पूर्वीच वापरली गेली होती.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. त्या काळच्या कॅमेऱ्यास भरपूर प्रकाश लागे. लेण्याच्या अंतर्भागातील चित्रे टिपणे त्यास जवळजवळ अशक्य होते. म्हणून गिलच्या जोडचित्रांत दर्शनी भाग, स्तंभ, मूर्ती यांना स्थान मिळाले. रंग नाहीत आणि चित्रकथाही नाहीत. उलट त्याच्या तैलचित्रांत रंग व कथा होत्या, परंतु स्तंभांच्या मागून डोकावणारी, वळणावर उलगडत जाणारी भिंत सपाट कॅनव्हासवर आली आणि तिची जागा हरवली. म्हणजे एकाच माणसाने एकाच स्थळाच्या प्रती दोन साधनांनी काढल्या, आणि एकात रंगाविना खोली, तर दुसऱ्यात खोलीविना रंग शिल्लक राहिले. यांपैकी शासनाच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती तैलचित्रे. टिकली मात्र पुस्तकातील छायाचित्रे, कारण त्यांच्या अनेक प्रती निघाल्या होत्या. गिल एप्रिल १८७९ मध्ये निधन पावला.

तीच भिंत, निरनिराळी चित्रे

गिलची चित्रे जळाल्यानंतर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती काढल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नामवंत ठरलेले चित्रकार या तुकडीत होते. या प्रतीही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतील बऱ्याच नष्ट झाल्या. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा आदी तरुण चित्रकार लेण्यांत काम करीत होते. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख गुलाम याझदानी यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी मंद प्रकाशात छायाचित्रे घेऊन रंगांचा वेगळाच पोत समोर आणला.

ही केवळ नामावली नव्हे. कलाशाळेचा प्रमुख असलेल्या ग्रिफिथ्सला छतावरील नक्षी, फुले, वेलबुट्टी यांत विशेष रस होता, कारण उपयोजित कलेचे नमुने जमविणे हा त्या काळच्या इंग्रजी कलाशिक्षणाचा एक हेतूच होता. नंदलाल बोस यांच्या पिढीला त्याच भिंतीवर भारतीय रेषेची परंपरा दिसली. बंगालच्या नव्या चित्रकलेस तिचा आधार हवा होता. याझदानींना पुरातत्त्वीय नोंद हवी होती. ज्याच्या हाती जी विद्या, त्याला ती भिंत तशी दिसली. साधन बदलले म्हणून प्रत बदलली हे खरेच. पण साधनामागील विद्याशाखा बदलली म्हणून ती अधिक बदलली, असे या इतिहासावरून म्हणता येते.

याची काळी बाजूही आहे. रंग उठून दिसावेत म्हणून प्रती काढण्याच्या कामात मूळ चित्रांवरच रोगण चढविले गेले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या चेक्कोनी व ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी निखळणारा गिलावा सांभाळला खरा. परंतु त्यांनी वापरलेले लाखेचे रोगणही काळांतराने पिवळे पडले, काळवंडले. ते उतरविण्याचे नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक वर्षे करावे लागले. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून केलेल्या उपायाने चित्रच झाकले गेले. त्या काळी रसायनशास्त्रज्ञ आणि चित्रकार एकमेकांशेजारी बसून काम करीत असते, तर कदाचित हे टळले असते.

शिकागोमधील गुहा

आभासी वास्तवाचा आधुनिक इतिहास सामान्यतः आयव्हन सदरलँडपासून सांगितला जातो. १९६५ मध्ये त्याने अंतिम दर्शनयंत्राची कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये डोक्यावर बसविण्याचे, छताला टांगलेले यंत्र प्रत्यक्षात आणले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये डग्लस एंगेलबार्ट याने माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. १९८० च्या दशकात जॅरन लनियर याने ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा शब्द लोकांपर्यंत नेला.

यापेक्षा वेगळी वाट शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाने चोखाळली. तेथे टॉम डीफँटी हा संगणकतज्ज्ञ आणि डॅन सँडिन हा कलावंत यांनी १९७३ मध्ये कला व अभियांत्रिकी या दोन्ही शाखांची मिळून एक प्रयोगशाळा सुरू केली. १९९२ मध्ये या दोघांनी कॅरोलिना क्रूझ-नैरा या संशोधक विद्यार्थिनीसह एक खोली उभारली. भिंतींवर व जमिनीवर त्रिमितीय दृश्ये टाकायची आणि माणसाने हेडसेटऐवजी हलका चष्मा घालून त्यांच्या मध्ये उभे राहायचे, अशी ती रचना होती. तिचे नाव त्यांनी ‘केव्ह’, म्हणजे गुहा, असे ठेवले. त्यात प्लेटोच्या गुहेचा संदर्भ होता : सावल्यांनाच सत्य मानणाऱ्या बंदिवानांची ती कथा. तंत्रज्ञांनी आपल्या यंत्रास तत्त्वज्ञानातून नाव घ्यावे आणि त्यांच्यात एक कलावंत बरोबरीच्या नात्याने असावा, ही गोष्ट आपल्या विभागनिहाय चौकटींच्या पार्श्वभूमीवर लक्षणीय आहे.

अजिंठ्याच्या अभ्यासकाला मात्र ही खोली पाहून फारसे आश्चर्य वाटू नये. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, कोरलेल्या व रंगविलेल्या विहारांत याच स्वरूपाची योजना दिसते. चारी बाजूंनी चित्रे, डोक्यावर रंगविलेले छत आणि मध्ये हातात दिवा घेऊन चालणारा माणूस. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले आहे की, येथील कथाचित्रांत प्रसंगांची मांडणी काळाच्या क्रमाने असेलच असे नाही. ती पुष्कळदा स्थळानुसार आहे. राजवाड्यातील सर्व प्रसंग एका बाजूस, अरण्यातील दुसऱ्या बाजूस. विद्या दहेजिया यांनीही बौद्ध कथाचित्रांच्या मांडणीचे निरनिराळे प्रकार विशद केले आहेत. म्हणजे सतराव्या लेण्यातील सिंहल अवदानाची कथा समजून घेण्यासाठी नजरेला भिंतीवर पुढे-मागे प्रवास करावा लागतो. या भिंतीचा ‘व्हर्च्युअल टूर’ करताना तंत्रज्ञाने कॅमेरा डावीकडून उजवीकडे एका संथ गतीने फिरविला, तर त्याने कळत-नकळत कथेची मांडणीच बदललेली असते. संगणकप्रणालीत ती चूक शोधता येणार नाही. ती श्लिंगलॉफ वाचलेल्यालाच दिसेल.

कोणती कथा ऐकवावी

हेडसेटमध्ये दृश्याबरोबर निवेदन असते. पहिल्या लेण्यातील एका दरबारदृश्यात टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक राजासमोर दिसतात. १८७९ मध्ये फर्ग्युसनने, तबरी या इतिहासकाराचा आधार घेऊन, हा चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आलेला इराणच्या खुस्रो राजाचा दूत असल्याचे मत मांडले. ते पाठ्यपुस्तकांत रुजले. परंतु पुलकेशीचा काळ सातव्या शतकाचा आणि वॉल्टर स्पिंक यांच्या कालमांडणीनुसार ही चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील. श्लिंगलॉफने हे दृश्य महासुदर्शन या चक्रवर्ती राजाच्या बौद्ध कथेशी जोडले आहे. छापील पुस्तकात दोन मते शेजारी देता येतात, वाचक थांबून विचार करतो. कानात गुंजणाऱ्या आवाजाला मतभेद सांगणे फारसे जमत नाही. तो एकच कथा ठामपणे सांगतो. पुलकेशीची कथा रंजक असल्याने तीच निवडली जाण्याचा संभव अधिक, हेही नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या लेण्यात आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील संस्कृत श्लोक चित्राजवळ लिहिलेले आढळतात. ते वाचणारा संस्कृत वा पालीचा अभ्यासक गटात नसेल, तर त्रिमितीय प्रतिमेत ती अक्षरे केवळ डाग म्हणून साफ केली जाण्याची भीती आहे. वनस्पतिशास्त्राचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात पुरातत्त्व सर्वेक्षणातील रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे दाखविले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तेथील चित्रांना किडीचा उपद्रव अधिक झाला, याचा संबंध त्यांनी या फरकाशी जोडला. कोणताही कॅमेरा, कितीही सूक्ष्म असला तरी, हे सांगू शकला नसता. मातीचा हा थर प्रतिकृतीत येत नाही. तिथे भिंत म्हणजे केवळ पृष्ठभाग.

फर्दापूर आणि नंतर

भेट देणाऱ्यांच्या श्वासातील आर्द्रता, धूळ व प्रकाश यांमुळे मूळ चित्रांची हानी होते, म्हणून चित्रित लेण्यांत एका वेळी मर्यादित माणसांनाच सोडले जाते. त्यावर उपाय म्हणून जपानच्या कर्जसाहाय्याने फर्दापूर येथे अभ्यागत केंद्र उभारण्यात आले आणि २०१३ मध्ये ते खुले झाले. पहिले, दुसरे, सोळावे व सतरावे या चार लेण्यांच्या प्रतिकृती तेथे तयार करण्यात आल्या होत्या. थोडक्यात, ती सिमेंट-रंगांत बांधलेली ‘केव्ह’च होती. पुढे काही वर्षांतच वीज व पाणी यांच्या थकबाकीपायी ते बंद ठेवण्याची वेळ आली. दीड हजार वर्षांची भिंत उभी आणि तिला वाचविण्यासाठी बांधलेली प्रतिकृती दशकभरातच कुलूपबंद, हे दृश्य खानदेशातील अनेक सहलींनी पाहिले असेल.

संगणकीय प्रतिकृतींचे आयुष्य याहून मोठे आहे असे समजण्याचे कारण नाही. १९९५ मध्ये आलेले ‘क्विकटाइम व्हीआर’ हे तंत्र कालबाह्य झाले. २००० च्या दशकात जगभरातील संग्रहालयांनी ‘फ्लॅश’ वापरून केलेल्या आभासी सफरी २०२० अखेर त्या प्रणालीचा आधार संपल्यावर सहज उघडेनाशा झाल्या. गूगलचा शाळांसाठीचा ‘एक्स्पिडिशन्स’ हा उपक्रम २०२१ मध्ये बंद झाला. पुठ्ठ्याच्या ‘कार्डबोर्ड’ चष्म्याची गूगलकडून होणारी विक्रीही त्याच वर्षी थांबली. आगीत जळालेल्या प्रतींची बातमी तरी होते. या प्रती निःशब्दपणे नाहीशा होतात. दस्तऐवज कसा जपावा हा प्रश्न ग्रंथपाल आणि इतिहासकार शतकानुशतके हाताळत आले आहेत. तो प्रकल्पाच्या अखेरीस नव्हे तर आरंभी विचारला जावा, ही त्यांची रास्त मागणी आहे.

केंद्र शासनाने २००९ पासून राबविलेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उपक्रमात मुंबईच्या आयआयटीसारख्या संस्थांनी मोलाचे काम केले. त्याचा भर विज्ञान व अभियांत्रिकी या विषयांवर राहिला. हंपीसाठीच्या डिजिटल वारसा प्रकल्पात मात्र संगणकतज्ज्ञांच्या जोडीला वास्तू, कला व इतिहास या क्षेत्रांतील मंडळी आली. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाच्या परिसरापासून अजिंठा हाकेच्या अंतरावर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय अध्यापनास वाव दिला आहे. संगणकशास्त्राचा विद्यार्थी, पालीचा विद्यार्थी आणि रसायनशास्त्राचा विद्यार्थी यांनी एकाच भिंतीसमोर एक दिवस बसून आपापल्या टिपणवह्या ताडून पाहाव्यात, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही.

प्रारंभिक प्रयोग तर त्याहून स्वस्त आहे. १८६४ च्या पुस्तकातील गिलचे एखादे जोडचित्र मोबाइलच्या पडद्यावर डाव्या-उजव्या अर्ध्या भागांत मांडले आणि दोन भिंगे बसविलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून पाहिले, की दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी टिपलेले लेणे आजही खोलीसह उभे राहते. जवळचा स्तंभ पुढे येतो, त्यामागचा मागे सरकतो. भिंती मात्र काळ्याच दिसतात.